एकटीने सुटत नाही ती गाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाणी, खेळ, पाककृतींची स्पर्धा यांच्या जोडीला एखादा विचाराचा विषय असावा, हा चांगला प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'परंपरा आणि मुलींचे रक्षण' हा. तो ऐकताच तुमच्यापैकी पुष्कळजणींना वाटले असेल, की आता सावित्रीबाई, ताराबाई, रमाबाई ही नावे येणार. ती नावे थोरच आहेत; त्यांची पुण्याई आपण आजही खात आहो. परंतु थोर व्यक्तींची चरित्रे ऐकताना आपल्या मनाला एक सवय जडलेली असते. 'त्या असामान्य होत्या, आपण सामान्य,' असे म्हणून आपण हात जोडतो आणि मोकळ्या होतो. म्हणून आज मी तुम्हांला अगदी सामान्य बायकांची हकीकत सांगणार आहे. त्यांच्यापैकी बहुतेकींना वाढत्या वयापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शेतात राबत, पाणी भरीत, बाजरी कांडीत. आपल्यापासून हजारो मैलांवर, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेनेगाल नावाच्या देशात त्यांचे गाव आहे.

सेनेगाल हा पूर्वी फ्रेंचांच्या ताब्यातला मुलूख. 1960 साली स्वतंत्र झाला. खेड्यांतून बाजरी आणि भुईमूग ही मुख्य पिके. बहुसंख्य लोक मुसलमान. राजधानी डाकार समुद्रकाठी आहे, आणि तिच्या दक्षिणेस म्बूर ह्या गावाजवळ मालिकुंडा बांबारा हे खेडे आहे. बांबारा हे तिथल्या एका जमातीचे नाव. ही मंडळी मूळची शेजारच्या माली देशाकडची.

ह्या जमातीत, आणि तिथल्या इतरही काही जमातींत, मुलींच्या बाबतीत एक फार जुनी चाल होती. तिच्याविषयी चार बायकांत बोलायलाही संकोच वाटावा अशी ती आहे; पण संकोचाने झाकून ठेवल्यामुळेच अशा गोष्टी टिकतात, म्हणून स्पष्ट बोलते. लहान मुलीच्या जननेंद्रियाचा बाहेरचा भाग पात्याने कापून टाकावयाचा, ही ती चाल. हे काम त्या कामासाठीच ओळखली जाणारी एखादी वयस्क बाई करी. गुंगीचे औषध नाही, डॉक्टर नाही. त्यातून रक्तस्राव होई, जखम चिघळे, धनुर्वात होई. काही मुली दगावत. ज्या वाचत, त्यांना पुढे लघवीच्या तक्रारी, मासिक पाळीचे हाल आणि बाळंतपणातले धोके यांना तोंड द्यावे लागे.

ऐकताना अंगावर काटा येतो. 'असल्या कसल्या ह्या आया!' हा उद्गार आपल्या ओठांवर येतो. तिथेच जरा थांबावे, अशी माझी विनंती आहे. कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. ह्या आया निर्दय नव्हत्या. आपल्या मुलीवर त्यांचे तुमच्या-माझ्याइतकेच प्रेम होते, आणि त्या प्रेमापोटीच त्या हे करीत. त्या समाजात जिच्यावर हा संस्कार झाला नाही, तिला 'बिलाकोरो' म्हणत. बांबारा भाषेत ही मोठी शिवी आहे. अशा मुलीच्या हातचे अन्न लोक खात नसत, तिला मानाने वागवीत नसत, आणि मुख्य म्हणजे तिचे लग्न जमत नसे. लग्नावाचून स्त्रीला समाजात थारा नाही अशी जिथे स्थिती आहे, तिथे आई काय करील? क्षणभराची वेदना आणि जन्मभराची नामुष्की ह्यांत ती वेदना पत्करते. आपल्या आज्यांनी आठ वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभी केली, तेव्हा त्यांचेही गणित हेच होते.

आता पुढची हकीकत. 1974 साली मॉली मेल्चिंग नावाची एक अमेरिकन विद्यार्थिनी शिक्षणासाठी डाकारला आली आणि तिथेच राहिली. तिथली वोलोफ भाषा ती अस्खलित बोलू लागली. 1991 साली तिने 'तोस्तान' नावाची संस्था काढली. अंड्याचे कवच फोडून पिल्लू बाहेर येते, त्या क्रियेला वोलोफ भाषेत 'तोस्तान' म्हणतात. ही संस्था खेड्यांतून प्रौढांचे वर्ग चालवी. वर्ग लोकांच्या मातृभाषेत चालत, फ्रेंचमध्ये नव्हे. अक्षरे आणि हिशेब यांबरोबरच आरोग्य, स्वच्छता, अडचण आली तर चौघांनी बसून ती कशी सोडवावी, आणि माणूस म्हणून आपले हक्क कोणते, हेही शिकवीत. शिकवण्याची पद्धत गाणी, गोष्टी आणि नाटुकली यांची. आपल्याकडे भजनाच्या नावाखाली बायका एकत्र येतात आणि साऱ्या गावाची सुखदुःखे बोलून घेतात, तसाच काहीसा प्रकार.

ह्या वर्गांत पुढे बायकांच्या आरोग्याचा भाग आला, आणि त्यात ह्या चालीचा विषय निघाला. आरंभी बायका गप्प बसल्या. विषयच असा की त्यावर बोलणे म्हणजे मर्यादा सोडणे. पण चालीपायी मुलगी मरते, असे एक नाटुकले वर्गात होते, आणि त्यानंतर हळूहळू तोंडे उघडली. कोणाची मुलगी आजारी पडली होती, कोणाची बहीण गेली होती. तोवर प्रत्येकीला वाटत होते, की हे आपल्याच वाट्याला आले. दैवाने आले, दृष्ट लागून आले. सगळ्याजणी बोलू लागल्या तेव्हा ध्यानात आले, की दैव इतक्या घरांत एकाच प्रकारे येत नसते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वर्ग चालवणाऱ्यांनी त्यांना 'ही चाल सोडा' असे सांगितले नाही. 'तुम्ही रानटी आहात' असे तर मुळीच म्हटले नाही. माहिती दिली, प्रश्न विचारले, आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. मालिकुंडाच्या बायकांनी मग घरोघरी नवऱ्यांशी बोलणे केले, गावच्या इमामांचा सल्ला घेतला. धर्मात ही गोष्ट सक्तीची नाही, हे त्यांना कळले. जगातील बहुसंख्य मुसलमान समाज ही चाल पाळीतच नाहीत, आणि आफ्रिकेत काही ख्रिस्ती लोकही ती पाळतात. तेव्हा तिचे मूळ धर्मात नसून रूढीत आहे हे उघड आहे. 31 जुलै 1997 ह्या दिवशी ह्या गावच्या बायकांनी पाहुणे आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी यांच्यासमोर जाहीर केले, की इथून पुढे आमच्या गावात एकाही मुलीला हे पाते लागणार नाही.

टाळ्या पडल्या असतील, असे तुम्हांला वाटेल. पण आसपासच्या गावांतून त्यांच्यावर रागाचा भडिमार झाला. चाल सोडली ह्याचा राग होताच, पण घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली ह्याचा त्याहून मोठा होता. गावच्या पुरुषांनाही टोमणे ऐकावे लागले. आपल्याकडेही हेच नाही का? घरात काय होते त्याला कोणाची हरकत नसते. ते बोलून दाखवणारी सून मात्र वाईट ठरते.

पण ह्या बायका डगमगल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्गेरिन बांबारा हे शेजारचे गावही त्यांच्या पाठोपाठ उभे राहिले. 20 नोव्हेंबर 1997 रोजी राष्ट्राध्यक्ष अब्दू दियूफ यांनी डाकार येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मालिकुंडाचे उदाहरण देशापुढे ठेवले.

आणि आता मी ज्या मुद्द्यासाठी ही सारी हकीकत सांगत आहे, तो येतो. जवळच केर सिम्बारा नावाचे लहानसे गाव आहे. तिथे देम्बा दियावारा नावाचे एक वयोवृद्ध इमाम होते. मालिकुंडाच्या बायकांनी केले ते त्यांना प्रथम रुचले नव्हते. तेव्हा त्यांना कोणी सुचवले, की आपल्या घरच्या बायकांनाच एकदा विचारून पाहा. त्यांनी विचारले. जन्मभर ज्यांच्या हातचे जेवले, त्यांच्या तोंडून त्यांनी ते दुःख पहिल्यांदा ऐकले, आणि त्यांचे मत पालटले.

पण मत पालटल्यावरही त्यांनी लगेच जाहीरनामा केला नाही. त्यांचे म्हणणे असे, की आमचे गाव एकटे नाही. आमच्या सोयरिकी आजूबाजूच्या गावांशी होतात. आमच्या मुली तिकडे जातात, त्यांच्या इकडे येतात. आम्ही एकट्यांनी चाल सोडली आणि त्यांनी धरून ठेवली, तर आमच्या मुलींना कोण करून घेणार? तेव्हा आधी सगळ्या नातेवाइकांशी बोलले पाहिजे. एवढे बोलून हे म्हातारे गृहस्थ सोबत्यांना घेऊन पायी निघाले. गावोगाव गेले, ओट्यावर बसले, एकेका घराशी बोलले. कोणाला दोष दिला नाही, कोणाला पापी म्हटले नाही. अखेर 14 आणि 15 फेब्रुवारी 1998 रोजी दियाबुगू ह्या गावी तेरा गावांचे प्रतिनिधी जमले. त्या तेरा गावांत मिळून सुमारे आठ हजार वस्ती होती. त्या सर्वांनी एकाच वेळी, एका मुखाने ती चाल सोडल्याचे जाहीर केले.

भगिनींनो, त्या वृद्धाला जे अनुभवाने उमजले, ते एका अमेरिकन विद्वानाने थोड्याच काळापूर्वी पुस्तकी पद्धतीने मांडले होते. जेरी मॅकी हे त्यांचे नाव. त्यांचा लेख 1996 सालचा आहे. त्यांनी आफ्रिकेतील ही चाल आणि चीनमधील पाय बांधण्याची चाल यांची तुलना केली. चीनमध्ये लहान मुलींची पावले घट्ट बांधून, हाडे मोडून, ती लहान ठेवीत. कारण लहान पावलांवाचून चांगले स्थळ मिळत नसे. ही रूढी सुमारे हजार वर्षे चालली. बादशहांनी बंदी घातली तरी गेली नाही. आणि मग एका पिढीत नाहीशी झाली. पेकिंगच्या दक्षिणेकडे तिंगशिएन नावाच्या जुन्या वळणाच्या ग्रामीण भागाचे आकडे उपलब्ध आहेत. 1889 मध्ये तिथे शंभरांतल्या 99 मुलींचे पाय बांधलेले असत, 1899 मध्ये 94 जणींचे, आणि 1919 मध्ये एकीचेही नाही.

हे कसे घडले? तिकडे आईबापांनी मंडळे स्थापन केली. ह्या मंडळांच्या सभासदांची शपथ दुहेरी असे. 'मी माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही,' हा तिचा पहिला अर्धा भाग; आणि 'पाय बांधलेल्या मुलीशी मी माझ्या मुलाचे लग्न करणार नाही,' हा दुसरा. सारी खुबी ह्या दुसऱ्या भागात आहे. पहिल्या भागाने मुलीची वेदना वाचते. दुसऱ्या भागाने तिला घर मिळते. मुलीचा बाप एकटा धैर्य दाखवील तर त्याची मुलगी बिनलग्नाची राहील. पण मुलींचे आईबाप आणि मुलांचे आईबाप एकाच वेळी उभे राहिले, तर धैर्याची गरजच थोडी उरते. कारण मग चार लोक ज्या बाजूला असतात, तीच बाजू आपली होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, सेनेगालच्या आणि चीनच्या गोष्टी झाल्या, आपल्याकडे काय? पहिली गोष्ट अशी, की सेनेगालमधली ती चाल आपल्या देशाला अगदीच अपरिचित नाही. दाऊदी बोहरा समाजात तिचा एक प्रकार आहे, आणि त्या समाजातल्याच काही स्त्रियांनी, मुंबईच्या स्त्रियांसकट, अलीकडे त्याविरुद्ध उघड आवाज उठवला आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. परंतु आपल्या साऱ्या समाजाचा, साऱ्या जातिधर्मांचा जो प्रश्न आहे, तो बालविवाहाचा.

'बालविवाह आता कुठे राहिले?' असे शहरात हमखास ऐकू येते. आकडा ऐका. 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेली आढळली. 2015-16 च्या पाहणीत हे प्रमाण 26.3 टक्के होते. उतार आहे, हे खरे. पण पाचांत एक मुलगी, हे आपल्या महाराष्ट्राला शोभणारे नाही.

कायदे नाहीत म्हणून असे होते काय? कायद्यांची तर मालिका आहे. रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेले लग्न मानण्याचे नाकारले आणि 1884 पासून मुंबईच्या कोर्टात तो खटला गाजला. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा 1887 साली निकाल लागला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. केवढे धैर्य! पण ते एकटीचे धैर्य होते, आणि त्याचे मोलही त्यांना एकटीलाच मोजावे लागले. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाऐवजी बारा वर्षांची मर्यादा आली. त्यावरही पुण्यामुंबईत केवढे रण माजले! 1927 च्या जानेवारीत आपल्या पुण्यातच अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. स्त्रीशिक्षणासाठी जमलेल्या त्या स्त्रियांना लौकरच दिसून आले, की मुलीचे लग्नच लहानपणी होत असेल तर शाळा कोणासाठी काढावयाची? मग त्यांनी बालविवाहाच्या प्रश्नाला हात घातला. 1929 साली शारदा कायदा झाला. तो 1 एप्रिल 1930 पासून लागू होणार होता. तेव्हा मधल्या सहा महिन्यांत देशभर काय झाले? कायदा लागू होण्याच्या आत लग्ने उरकून घेण्याची झुंबड उडाली! मुलीला त्या वेळी चौदा वर्षांची मर्यादा होती. 1949 मध्ये पंधरा, 1978 मध्ये अठरा झाली. सध्या लागू असलेला कायदा 2006 चा आहे. तो 1 नोव्हेंबर 2007 पासून अमलात आला.

कायदा हवाच. सेनेगालनेही जानेवारी 1999 मध्ये कायदा करून ती चाल गुन्हा ठरवली. पण जिथे लोकांचे मन आधी तयार झाले होते तिथे त्या कायद्याला बळ मिळाले. जिथे झाले नव्हते तिथे चाल लपून चालू राहिली. हे काम पुरे झाले असेही नाही. 2005 मध्ये त्या देशातील शंभरांपैकी सुमारे 28 स्त्रियांवर हा प्रकार झालेला होता. 2019 च्या पाहणीतही ते प्रमाण चतुर्थांशाच्या आसपासच होते. जाहीरनामा केलेल्या गावांतूनही काही घरांनी चोरून ती चाल पाळली. शेजारच्या गँबिया देशात तर 2015 मध्ये केलेली बंदी उठवण्याचा ठराव कायदेमंडळात आला, आणि जुलै 2024 मध्ये तो फेटाळावा लागला. हे मी मुद्दाम सांगते. एका सभेने, एका शपथेने शतकांची गाठ सुटते, अशा भ्रमात आपण राहू नये. पण हजारो गावांनी मालिकुंडाचा मार्ग पुढे धरला, हेही तितकेच खरे.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. मुलगी पंधरा-सोळाची होते न होते तोच तिचे हात पिवळे का करतात? 'परंपरा' हे उत्तर फार ढोबळ आहे. मराठवाड्यातल्या ऊसतोडणीचे उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागांतून लक्षावधी माणसे साखर कारखान्यांच्या प्रदेशात तोडणीला जातात. मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो. ही उचल कोणाच्या नावे? नवराबायकोच्या जोडीच्या. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणजे मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढला. दुसरीकडे मुलीची आई पाच-सहा महिने तोडीवर जाणार. मुलीला गावी ठेवावे तर तिची राखण कोण करणार, आणि बरोबर न्यावे तर उघड्या फडावर, पालाच्या झोपडीत तिची काळजी कशी घ्यावयाची? अशा वेळी आईला वाटते, एकदा अक्षता पडल्या की जबाबदारी सुटली. तिच्या दृष्टीने ती मुलीला संकटात ढकलीत नाही; संकटातून वाचवीत आहे. बांबारा आईने तरी दुसरे काय केले?

पण त्या मुलीचे पुढे काय होते, हे आपण बायका जाणतो. शाळा सुटते ती कायमची. अंग पुरते भरण्याआधीच दिवस जातात. कोवळ्या वयातले बाळंतपण आईलाही धोक्याचे आणि बाळालाही. ऊस तोडताना, मोळ्या वाहताना तिच्या शरीराचे जे हाल होतात, ते निराळेच. आणि वीस वर्षांची होईतो ती इतकी थकलेली असते, की आपल्या मुलीसाठी दुसरा विचार करण्याचे त्राणही तिच्यात उरत नाही. अशा रीतीने एका पिढीची गाठ दुसऱ्या पिढीच्या पदराला बांधली जाते.

तेव्हा आपल्यासारख्या मंडळांनी काय करावे? मी मोठाले उपाय सांगणार नाही. मालिकुंडाच्या बायकांकडून शिकण्याजोग्या चार गोष्टी आहेत, त्या तेवढ्या मांडते.

पहिली गोष्ट, दोष न देता बोलावयाचे. जी आई मुलीचे लग्न लवकर ठरवते आहे, तिच्या दारात जाऊन आपण 'तुला कळत नाही का?' असे विचारले, तर ती दार लावून घेईल, आणि ते योग्यच होईल. तिला भीती कशाची वाटते ते आधी ऐकावे. मुलीच्या सुरक्षिततेची वाटत असेल, तर मुलींच्या वसतिगृहाची, मागे राहिलेल्या मुलींना सांभाळणाऱ्या घराची सोय होते का, ते पाहावे. खर्चाची वाटत असेल, तर साध्या लग्नाचा कित्ता आपणच आपल्या घरी घालून द्यावा. भीती गेल्यावाचून चाल जात नाही.

दुसरी गोष्ट, पुरुषांना वगळावयाचे नाही. देम्बा दियावारांचे मत व्याख्यानाने पालटले नाही. घरच्या बायकांनी त्यांना खरे सांगितले तेव्हा पालटले. आपण आपल्या घरातल्या पुरुषांना खरे किती सांगतो? पंधराव्या वर्षी आपले लग्न झाले तेव्हा मनात काय होते, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी नातवंडांच्या बापांना कधी सांगितले आहे काय? ते एकदा सांगावे. भटजी, मौलवी, भंते, आचारी, मंडपवाले, बँडवाले, पत्रिका छापणारे, ह्या सर्वांशीही बोलावे. बालविवाहाला मदत करणाऱ्यालाही कायद्याने शिक्षा आहे, हे त्यांना ठाऊक असले म्हणजे वयाचा दाखला पाहिल्यावाचून ते सुपारी घेणार नाहीत.

तिसरी गोष्ट, कायद्याची माहिती मुलींपर्यंत पोहोचवावयाची. खेड्यात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यावर आहे; त्यालाच आपण अजून ग्रामसेवक म्हणतो. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे; तो फुकट लागतो. आणि लहानपणी लग्न झालेच असेल, तर सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलीला 2006 च्या कायद्याने दिला आहे. किती मुलींना हे माहीत आहे? शाळेच्या फळ्यावर, अंगणवाडीच्या भिंतीवर, आपल्या मंडळाच्या दारावर हा क्रमांक ठळक लिहिलेला असावा.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शपथ दुहेरी घ्यावयाची. 'माझ्या मुलीचे लग्न अठराच्या आत करणार नाही,' हे म्हणणे सोपे आहे. इथे बसलेल्या बहुतेकींच्या मुली शिकतातच. त्याहून कठीण आणि उपयोगी आहे ते हे: 'अठरा पुरी न झालेली सून मी माझ्या घरात आणणार नाही. नात्यात असे लग्न ठरले तर मी त्याला जाणार नाही, आहेर करणार नाही, अक्षता टाकणार नाही. आणि का येत नाही, हे प्रेमाने सांगेन.' बघा हं, ह्यात नातेवाइकांचा रुसवा आहे. जावा-नणंदांचे टोमणे आहेत. 'फार शहाणी झाली' हे ऐकावे लागेल. म्हणूनच ही शपथ एकटीने घ्यावयाची नाही. दहा घरांनी, आणि तीही एकमेकांत सोयरिकी होणाऱ्या दहा घरांनी, मिळून घ्यावी. आपल्या मंडळातल्या पुष्कळजणींची माहेरे, सासरे, आजोळे जवळपासच्या खेड्यांत आहेत. सोयरिकीचे जाळे कुठून कुठे जाते, हे आपल्या इतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? लग्ने जुळवण्याचे काम आपण बायका पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहो. तेच जाळे हाती धरून आपण एक एक गाव पुढे जाऊ शकतो. केर सिम्बाराचे ते वृद्ध गृहस्थ पायी गेले, आपल्याला एस्. टी. आहे आणि हातात दूरध्वनी आहे.

परंपरेविषयी एक शब्द बोलून पुरे करते. मालिकुंडाच्या बायकांनी आपली भाषा सोडली नाही, देव सोडला नाही, गाणी सोडली नाहीत, लग्नातला नाचही सोडला नाही. सारे ठेवून एक पाते तेवढे त्यांनी टाकून दिले. घरातले जुने धान्य आपण वर्षातून एकदा सुपात घेतो, पाखडतो, किडके काढतो आणि उरलेले पुन्हा कणगीत भरतो. त्यामुळे कोणी म्हणत नाही, की हिने घरची पुंजी मोडली. परंपरेचे निवडणे-पाखडणेही असेच गृहिणीचे काम आहे, आणि ते वेळच्या वेळी झाले तरच कणगीतले बाकीचे दाणे वाचतात.

ह्या वर्धापनदिनी मंडळाच्या ठरावांत ह्या दुहेरी शपथेचा एक ठराव असावा, अशी सूचना मी अध्यक्षबाईंपुढे ठेवते. ठराव करताना घाई नको. आधी घरी बोला, सासरी-माहेरी बोला, आणि दहा घरे तयार झाली म्हणजे पुढच्या सभेत नावे द्या.